सीएक्ससीएल १२ ची ‘रिकामी’ व्हायल

“ताई, यात काहीच नाहीये.”

लॅबमध्ये नव्यानेच आलेली मुलगी व्हायल दिव्यासमोर धरून उभी होती. उलटी करून झाली, टिचकी मारून झाली, आता कंपनीला तक्रारीची ईमेल लिहायला बसणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. अकरा वर्षांपूर्वी हेच मी केलं होतं. फक्त मी ईमेल पाठवली होती, आणि उत्तराची वाट न पाहता व्हायल कचऱ्यात टाकली होती. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: “कृपया व्हायल टाकू नका.”

व्हायलमध्ये दहा मायक्रोग्रॅम प्रोटीन असतं. मिठाचा एक बारीकसा कणसुद्धा याहून जड भरतो. त्यातून ते गोठवून सुकवलेलं असल्यामुळे काचेच्या आतल्या अंगाला श्वासाच्या वाफेइतका पातळ पापुद्रा होऊन बसतं. दिवा तिरका पाडला तर तळापासून जरा वर एक अस्पष्ट कडा दिसते. नाहीही दिसत. या प्रोटीनच्या वाईट अभिप्रायांमध्ये ‘व्हायल रिकामी निघाली’ हे वाक्य भेटलं की मला लिहिणाऱ्याची दया येते आणि थोडं हसूही येतं.

तर हा अभिप्राय आहे रिकॉम्बिनंट मानवी सीएक्ससीएल १२ अल्फाचा, म्हणजे पेशींना आपल्याकडे बोलावणाऱ्या एका प्रोटीनचा. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, सोबत दुसरं वाहक प्रोटीन न घातलेलं. गेल्या दीड वर्षात आम्ही याचे तीन लॉट (वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या खेपा) वापरले, मुख्यतः टी पेशींचं स्थलांतर मोजायला. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारीही करणार आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा हे प्रोटीन विकणाऱ्या कुणालाही लागू पडतील.

आधी ते नावाचं प्रकरण मिटवू. हे केमोकाइन (पेशींना बोलावणाऱ्या अशा प्रोटीनांना केमोकाइन म्हणतात) १९९३ मध्ये उंदराच्या अस्थिमज्जेतल्या स्ट्रोमल, म्हणजे आधार देणाऱ्या, पेशींमधून हाती लागलं, म्हणून त्याला स्ट्रोमल सेल डिराइव्हड फॅक्टर म्हणजे एसडीएफ-१ म्हणत. २००० साली सगळ्या केमोकाइनांची नावं एका शिस्तीत बसवली गेली आणि हे सीएक्ससीएल १२ झालं. कॅटलॉगवाले मात्र दोन्ही नावं चालवतात, आणि त्यात अल्फा-बीटाची भर. अल्फामध्ये ६८ अमिनो आम्लं, बीटामध्ये शेपटीला चार जास्त, म्हणजे ७२. ऑर्डर देणारा माणूस आणि प्रयोग करणारा माणूस वेगळे असतील तर कागदावर ‘एसडीएफ-१’ एवढंच लिहून देऊ नका. आमच्याकडे एकदा अल्फाऐवजी बीटा आलं ते असंच. दोष कंपनीचा नव्हता.

पुढचा घोळ मात्र मी अर्धा त्यांच्या माथी मारीन. हे प्रोटीन वाहकासह आणि वाहकाविना असं दोन्ही मिळतं, आणि दोन कॅटलॉग क्रमांकांत फरक शेवटच्या दोन अक्षरांचा. वाहक म्हणजे बीएसए, गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, आणि तोही केवढा? एक भाग केमोकाइनला पन्नास भाग. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. साध्या मायग्रेशन प्रयोगाला ते चालतं, उलट बरंच, कारण पावडर डोळ्यांना दिसते आणि प्रोटीन काचेला कमी चिकटतं. पण मला केमोकाइनला फ्लुरोसंट रंग जोडायचा होता, आणि मी चुकून वाहकवाली व्हायल उघडली. रंग सगळा बीएसएने पिऊन टाकला. दोन दिवस मी अतिशय सुंदर चमकणाऱ्या बीएसएकडे पेशी का धावत नाहीत याचा विचार करत होते. लेबलावर ‘वाहकाविना’ हे शब्द जरा ठसठशीत छापायला काय हरकत आहे?

आता प्रोटीनबद्दल. सीएक्ससीएल १२ चं सगळं भांडवल त्याच्या डोक्याशी आहे. एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला, पहिलं लायसिन, दुसरं प्रोलिन. ही दोन अमिनो आम्लं सीएक्ससीआर ४ या रिसेप्टरच्या (पेशीच्या अंगावरच्या, संदेश घेणाऱ्या प्रोटीनच्या) खोबणीत जातात तेव्हाच पेशीला ‘चल’ असा आदेश मिळतो. बाकीचा देह रिसेप्टरला धरून ठेवतो. पहिली दोन तुटली तर प्रोटीन रिसेप्टरवर जाऊन बसतं खरं, पण पेशी हलत नाही. प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मात्र असं मुंडकं उडालेलं प्रोटीन धडधाकट प्रोटीनसारखंच दिसतं. म्हणून शुद्धतेचा आकडा ९७ टक्के असो की ९९, मी त्यावर फारशी भुलत नाही.

जिवाणूत बनवलेल्या केमोकाइनला आणखी एक भीती असते. जिवाणू प्रत्येक प्रोटीनची सुरुवात मेथिओनिनने करतो. ते मेथिओनिन मागे राहिलं तर काय होतं हे १९९६ मध्ये रँटीस म्हणजे सीसीएल ५ च्या बाबतीत दिसलं: डोक्यावर एक जादा मेथिओनिन बसलं आणि केमोकाइनचं त्याच्याच रिसेप्टरला रोखणारं औषध झालं. एका अमिनो आम्लाने पक्ष बदलला! त्यामुळे कुठलाही नवा पुरवठादार निवडला की मी पहिल्या व्हायलमधला थोडासा भाग मास स्पेक्ट्रोमेट्रीला, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजायला, पाठवते. मेथिओनिन राहिलं असेल तर वस्तुमान १३१ डाल्टनने वाढलेलं दिसतं, लायसिन-प्रोलिन तुटलं असेल तर २२५ ने घटलेलं. आमच्या तिन्ही लॉटमध्ये एकच टोकदार शिखर आलं, आठ हजार डाल्टनच्या जरा अलीकडे, जिथे यायला हवं तिथेच. दोन्ही डायसल्फाइड बंध जुळलेले धरूनच तो हिशेब बसत होता. हे प्रोटीन जिवाणूत बहुधा गोळा होऊन बसतं, ते विरघळवून पुन्हा नीट घडी घालावी लागते. त्यांनी घडी चांगली घातली आहे. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकडे पुन्हा जाईन.

(जेलवर पाहायचंच असेल तर नेहमीच्या १२ टक्क्यांच्या जेलवर पाहू नका. आठ किलोडाल्टनचं प्रोटीन निळ्या रंगाबरोबर धावतं. आमचं पहिल्यांदा तळातून निघूनच गेलं आणि परत एकदा ‘व्हायल रिकामी’ची चर्चा झाली.)

आता माझी स्वतःची फजिती, कारण माहितीपत्रकातली मोठी उणीव तिच्यातूनच कळली. सकाळी वेळ मिळणार नाही म्हणून मी आदल्या रात्री केमोकाइनची सगळी सौम्य द्रावणं करून ठेवली. करायची सिरम नसलेल्या मीडियममध्ये, पण हाताशी होतं पेशी वाढवायचं मीडियम, दहा टक्के सिरमवालं. ट्यूब ३७ अंशांवर ठेवल्या, म्हणजे सकाळी गरम करण्याचा वेळ वाचेल. फारच हुशारी. दुसऱ्या दिवशी जर्काट पेशी (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या टी पेशी) सच्छिद्र पडद्याच्या वरच्या कप्प्यात बसल्या त्या बसल्याच. खाली उतरलेल्या पेशी कोऱ्या मीडियमइतक्याच.

सिरममध्ये डीपीपी-४ नावाचं एन्झाइम असतं. टी पेशींच्या अंगावर तेच सीडी २६ म्हणून मिरवतं. प्रोटीनच्या डोक्याशी दुसऱ्या जागेवर प्रोलिन दिसलं की पहिली दोन अमिनो आम्लं छाटायची, हा त्याचा धंदा. मधुमेहावरची सिटाग्लिप्टिनसारखी औषधं ज्याला आवर घालतात तेच हे एन्झाइम. सीएक्ससीएल १२ ला ते देवाघरचं आमंत्रण वाटत असणार. रात्रभरात माझं सगळं केमोकाइन त्याने बोडकं करून ठेवलं होतं. मी ते मुळात सिरम नसलेल्या, अर्धा टक्का बीएसए घातलेल्या आरपीएमआय मीडियममध्ये आणि प्रयोगाच्या वेळीच सौम्य करायला हवं होतं. सक्रिय केलेल्या प्राथमिक टी पेशी वापरत असाल तर त्या स्वतःच सीडी २६ अंगावर बाळगतात. मग तीन तासांच्या प्रयोगातही थोडी झीज होते, तेव्हा डिप्रोटिन ए सारखा रोधक घालून एकदा तुलना करून पाहा.

माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. ‘वारंवार गोठवणे-वितळवणे टाळा’ हे मात्र तीनदा आहे.

नीट केल्यावर काय मिळालं ते सांगते. पाच मायक्रॉन छिद्रांचे ट्रान्सवेल (पडद्याने वर-खाली दोन कप्पे केलेली भांडी), वर १०० मायक्रोलिटरमध्ये पाच लाख जर्काट पेशी, खाली ६०० मायक्रोलिटरमध्ये केमोकाइन, तीन तास. केमोकाइन नसताना खाली तीन टक्क्यांच्या आसपास पेशी सापडायच्या. १० नॅनोग्रॅमला दहा-बारा टक्के, १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला ४० टक्क्यांच्या घरात. १०० नॅनोग्रॅम म्हणजे साधारण साडेबारा नॅनोमोलर. मग आमच्या त्या मुलीने उत्साहाने ५०० आणि १००० लावलं आणि आकडे खाली आले. तिला वाटलं पिपेटिंग चुकलं. चुकलं नव्हतं. केमोकाइनचा आलेख घंटेसारखाच असतो. सगळीकडे वासच वास झाला की तो कुठून येतोय हे पेशीला कळेनासं होतं, रिसेप्टर आत ओढले जातात, शिवाय दाटीत सीएक्ससीएल १२ चे रेणू जोडीने चिकटतात आणि अशा जोडीमागे पेशी तशा धावत नाहीत. उतरणीची बाजू दिसली की उलट मला बरं वाटतं. नुसताच चढत जाणारा आलेख दिसला तर मी आधी विचारते, पडद्याला भोक तर नाही?

या पेशी खरंच वासाचा माग काढत चालल्यात की नुसत्या चळवळ्या झाल्यात, हे तपासायला वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांत सारखंच केमोकाइन घालायचं. आमच्याकडे तसं केल्यावर आकडा सहा टक्क्यांवर आला, म्हणजे बहुतेक हालचाल दिशा धरूनच होती. दुसरा पहारेकरी एएमडी ३१००, सीएक्ससीआर ४ अडवणारा रेणू, औषध म्हणून नाव प्लेरिक्झाफोर. हा रेणू सुरुवातीला एचआयव्हीविरोधी म्हणून अभ्यासला गेला. १९९६ मध्ये एचआयव्ही ज्या दारातून टी पेशीत शिरतो ते सीएक्ससीआर ४, आणि त्या दाराची खरी किल्ली हे आपलं एसडीएफ-१, असं उमगलं. पुढे त्याच रेणूने मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात हे लक्षात आलं आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्या कामासाठी त्याला मंजुरी मिळाली. आमच्यासाठी त्याचं काम साधं: तो घातला की स्थलांतर कोऱ्या पातळीला आलं पाहिजे. आलं. म्हणजे व्हायलमध्ये जे आहे ते सीएक्ससीआर ४ मार्फतच बोलतंय, सोबत आलेली दुसरी कुठली घाण नाही.

घाणीवरून आठवलं, एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या भिंतीतलं विष. प्रमाणपत्रावर एका मायक्रोग्रॅममागे ०.०१ युनिटपेक्षा कमी लिहिलंय. आमच्या लिम्युलस चाचणीतही ते शोधमर्यादेच्या खालीच राहिलं. जर्काटला याचं सोयरसुतक नाही, पण मोनोसाइट किंवा डेंड्रायटिक पेशी असतील तर हा आकडा आधी पाहा.

माहितीपत्रकावरचा माझा मुख्य राग ईडी-५० वर आहे, म्हणजे निम्मा परिणाम दिसायला लागणाऱ्या मात्रेवर. तिथे दिलेला आकडा इतका छोटा आहे की त्यावर भरवसा ठेवून प्रयोग आखला तर पहिल्या आठवड्यातच निराशा येते. तो आकडा काढलेला असतो सीएक्ससीआर ४ भरभरून दाखवणाऱ्या मुद्दाम बनवलेल्या पेशींवर. तुमच्या पेशी तशा नाहीत. नुकत्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या टी पेशी तर आणखी कंजूष. रात्रभर विसाव्याला ठेवल्या की सीएक्ससीआर ४ पृष्ठभागावर वाढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेशी दुप्पट आज्ञाधारक वागतात. मी तांत्रिक विभागाला लिहिलं की निदान कुठली पेशी वापरली ते तरी आकड्याशेजारी छापा. तीन दिवसांनी उत्तर आलं, सभ्य होतं, सोबत त्या लॉटचा पूर्ण आलेख जोडलेला. ‘मागितल्यास देतो’ असं त्यांचं धोरण आहे म्हणे. मागायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही तर मागणार कसं?

चिकटपणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण प्रोटीन हरवतं ते बहुधा इथेच. सीएक्ससीएल १२ वर धन प्रभार भरपूर, म्हणून ते रक्त न गोठू देणाऱ्या हेपॅरिनला धरतं, काचेला धरतं, प्लॅस्टिकला धरतं. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मूळ द्रावणात हे फारसं जाणवत नाही. सौम्य करत गेलं की जाणवतं. एकदा मी साध्या ट्यूबमध्ये, बीएसए न घालता, १० नॅनोग्रॅमचं द्रावण करून तासाभराने एलायझाने मोजलं, तर साडेतीन भरलं. उरलेलं साडेसहा ट्यूबच्या भिंतीने ठेवून घेतलं. अर्धा टक्का बीएसए आणि कमी चिकटणाऱ्या ट्यूब वापरल्यावर नऊच्या वर आलं. टोक बदलताना पिपेटच्या टोकालाही थोडं जातं, म्हणून दहापट-दहापट उड्या मारून सौम्य करण्यापेक्षा पायऱ्या कमी ठेवाव्यात. आणि पेशी हेपॅरिनच्या नळीत घेतलेल्या रक्तातून काढत असाल तर दोन धुण्या जास्त द्या. उरलेलं हेपॅरिन तुमच्या केमोकाइनला मधल्या मध्ये पकडून ठेवतं.

व्हायल उघडायची आमची रीत आता ठरली आहे. झाकण काढण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज, कारण पावडर वाहतुकीत झाकणाला जाऊन बसते आणि झाकण उघडताच ती गेली. मग ०.१ टक्का बीएसए घातलेलं निर्जंतुक पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) १०० मायक्रोलिटर, भिंतीवरून हळू सोडायचं. व्हायल आडवी धरून बोटांत फिरवायची, म्हणजे वरचा पापुद्राही भिजतो. व्हॉर्टेक्स नाही. फेस आला म्हणजे प्रोटीनचं नुकसान. पंधरा मिनिटं बर्फावर, मग पाच-पाच मायक्रोलिटरचे ॲलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, आणि थेट उणे ८० अंश. यातला एकही ॲलिकॉट दुसऱ्यांदा गोठत नाही. उरला तर फेकायचा. जीव तुटतो, पण फेकायचा. पार्सल येतं तेव्हा बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या असतात म्हणून घाबरणारेही आहेत. सुकलेल्या अवस्थेत या प्रोटीनला प्रवासातले ते दिवस काही करत नाहीत. तिन्ही वेळा पिशव्या वितळलेल्या होत्या आणि तिन्ही वेळा पेशी धावल्या.

मात्र सारख्या धावल्या नाहीत. पहिल्या दोन लॉटचं शिखर १०० नॅनोग्रॅमला होतं, तिसऱ्याचं ५० ला. तिसरा लॉट जास्त जोमदार, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. पण अर्धा अभ्यास जुन्या लॉटवर झालेला असताना १०० नॅनोग्रॅमला आकडे पडले, तेव्हा आमच्या त्या मुलीने दोन आठवडे पेशींना दोष दिला, मग इनक्युबेटरला, मग स्वतःला. लॉट बदलल्याचं तिने वहीत लिहिलंच नव्हतं, आणि मी विचारलंच नव्हतं. आता नवा लॉट आला की आधी जुन्या लॉटशेजारी त्याच प्लेटवर पूर्ण आलेख काढतो. उरलेला अभ्यास एकाच लॉटवर व्हावा म्हणून कंपनीला लॉट राखून ठेवायला सांगता येतं. तेही मागितलं तरच.

मूषक पेशींवर काम करणाऱ्यांसाठी एक सोय: मानवी आणि उंदराच्या सीएक्ससीएल १२ अल्फामध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे, मानवात व्हॅलिन तिथे उंदरात आयसोल्युसिन. आमच्या शेजारच्या गटाने हीच व्हायल उंदराच्या प्लीहेतल्या पेशींवर वापरली आणि त्यांना वेगळी मागवावी लागली नाही. त्यांनी नेलेले चार ॲलिकॉट मात्र अजून परत यायचे आहेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर प्रोटीनला पाच, माहितीपत्रकाला दोन, लेबलाला दीड. तांत्रिक विभागाला साडेतीन, तेही त्या आलेखामुळे. पहिल्या लॉटचे सहा ॲलिकॉट मी उणे ८० च्या सर्वात खालच्या खणात, मागच्या बाजूला ठेवले आहेत, पुढच्या लॉटशी तुलना करायला. डब्यावर त्या मुलीनेच मार्करने लिहिलंय: “रिकामं नाही. हात लावू नये.”